जॉन सीनाचा हील टर्न: बुकिंग नेमकं कुठे फसलं?

तिसरी_दोरी
मंडळी, डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीबद्दल "ते सगळं खोटं असतं" हे सांगायला येणाऱ्यांनी वेगळा धागा काढावा. आम्हाला ते पाचवीपासून माहीत आहे. खोटं नीट रचलं होतं का, एवढाच इथला प्रश्न.

१ मार्च २०२५, टोरांटो, एलिमिनेशन चेंबरचा शो. आठवडाभर आधी रॉकने चॅम्पियन कोडी ऱ्होड्सकडे चक्क त्याचा आत्मा मागितला होता. कोडीने भर रिंगमध्ये नाही म्हणून सांगितलं. मग सीना पुढे झाला, त्याने कोडीला मिठी मारली, आणि मिठीतच, कोडीच्या खांद्यावरून रॉककडे बघता बघता, त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं हसू उतरलं. रॉकने गळ्यावरून अंगठा फिरवला. पुढचं तुम्ही पाहिलंय. वीस वर्षं पोरांचा लाडका असलेला माणूस एका लाथेत खलनायक, म्हणजे हील, झाला. तेवढा तुकडा मी त्या दिवशी अकरा वेळा पाहिला.

आता पन्नास दिवस पुढे या. रेसलमेनिया ४१, वर्षातला सगळ्यात मोठा शो, लास वेगास. आपल्याकडे सोमवारची पहाट. साडेचारला उठलो, आवाज बंद करून सोफ्यावर बसलो. ऑफिसात "नळाचं काम निघालंय, उशिरा येतो" असं कळवलं. सीना-कोडी लागेपर्यंत आठ वाजत आले, कुकरच्या शिट्ट्या सुरू. आणि काय बघितलं? रॉक आलाच नाही! ज्याच्यामुळे हे सगळं घडलं तो माणूसच गायब. त्याच्याऐवजी रॅपर ट्रॅव्हिस स्कॉट टहलत टहलत आला, मधे पडला. मग सीनाने कमरेखालचा फटका मारला, चॅम्पियनचा पट्टा डोक्यात हाणला आणि सतराव्यांदा चॅम्पियन झाला. रिक फ्लेअरचा सोळाचा विक्रम असा मोडला. त्यानंतर १ ऑगस्टला तो पुन्हा सज्जन, म्हणजे फेस, आणि ३ ऑगस्टला समरस्लॅममध्ये कोडीकडून पराभूत. पाच महिन्यांत दुकान बंद.

टर्नच चुकला, की टर्ननंतर कुणी वहीच उघडली नाही? तुमच्या हाती पेन असतं तर काय केलं असतंत?

कांदेपोहे
शीर्षकात बुकिंग वाचून आलो. म्हटलं, गणपतीच्या गाड्यांचं असेल. चालू द्या.

खासबागकर
अहो कांदेपोहे, बसा की. बुकिंग म्हणजे जोड लावणं, दुसरं काही नाही. आमच्याकडे जत्रेला कमिटी बसते. कुणाची कुस्ती कुणाबरोबर, कितीची, कितव्या नंबरला, हे ती ठरवते. दुपारी रेवडीवरच्या पोरांच्या कुस्त्या, मग शंभर-दोनशेवाल्या, आणि एक नंबरची जोड दिवेलागणीला. ती आधी सोडली तर माणसं उठून जातात, मागं मैदानात फक्त शेंगांची टरफलं राहतात. अमेरिकेतला बुकर हेच करतो. आमची कमिटी फक्त जोड लावते, तो जोडीबरोबर निकालही लावून ठेवतो, एवढाच काय तो फरक. (आमच्याकडेही कधी कधी निकाल आधी लागतो, त्याला नुरा कुस्ती म्हणतात आणि त्यावर दगड पडलेले मी बघितलेत.)

धाग्याच्या प्रश्नावर उद्या लिहितो, आत्ता म्हशी बांधायच्यात.

बंड्या_२००७
माझं मत, टर्नच चुकला. सीनाचं निरोपाचं वर्ष होतं राव. लोकांनी तिकिटं काढली ती निरोप द्यायला. त्यांना सांगताय, आता ह्याला शिव्या घाला? आजोबांच्या पंच्याहत्तरीला त्यांचीच उणीदुणी काढायला बसवल्यासारखं झालं ते.

२००५ ते २०१५ ही दहा वर्षं अर्धं स्टेडियम "सीना सक्स" ओरडत होतं, तेव्हा टर्न करायचा होता ना. तेव्हा टी-शर्ट खपत होते म्हणून केला नाही. मग शेवटच्या वर्षी ही खाज कशाला?

ऋता_वाचते
@बंड्या, अर्धंच पटलं. उशीर झाला होता हे खरं. पण टोरांटोतला तो क्षण खोटा होता असं तुम्हाला वाटतं का? मला नाही वाटत. मी कुस्तीची फार जुनी प्रेक्षक नाही, धाकट्या भावामुळे लागलेलं व्यसन आहे हे. तरी त्या मिठीला पोटात खड्डा पडला होता.

गडबड पुढची आहे. हल्क होगनचं १९९६ बघा. ७ जुलैला डेटोना बीचला तो उलटला, लोकांनी रिंगमध्ये कचरा फेकला. पण त्यानंतर त्याने पिवळे-लाल कपडे टाकून काळे चढवले, दाढी काळी केली, टोळी बदलली, चालसुद्धा बदलली. नवा माणूस दिसला. सीनाचं काय बदललं? तेच गाणं, तीच अर्धी चड्डी, तोच "तुम्ही मला पाहू शकत नाही"वाला हात. मार्चमध्ये ब्रसेल्सला येऊन त्याने प्रेक्षकांना सुनावलं की तुम्ही मला वर्षानुवर्षं वापरून घेतलंत. ते भाषण उत्तम होतं, अगदी अंगावर आलं. पण भाषण संपलं आणि तो पुन्हा जुनाच सीना दिसायला लागला. राक्षस म्हणून आलेला नट मेकअप न करताच स्टेजवर.

मालवणी_मसालो
ऋताबाय, मेकअपचा विषय काढलात म्हणून लिहितंय.

आमच्याकडे जत्रेत दशावतार रात्रभर चालता. गोष्ट काय होणार हे पहिल्या रांगेत बसलेल्या म्हातारीक पण ठाऊक असता. राक्षस मरणार, देव जिंकणार. तरी पहाटेपर्यंत माणूस हलत नाय. कारण संवाद लिहिलेले नसतत. कथानक ठरलेला, बोलायचा काय ते ज्याचा त्याने रंगमंचावर उभा राहून. चांगलो राक्षसपार्टी असलो की राजाच्या तोंडाक फेस आणता. अर्धो अर्धो तास वाद. आणि लोक कोणासाठी येतत? खरा सांगू, राक्षसासाठी.

रेसलिंगमध्ये पण पूर्वी असाच होता असा वाचलंय. मुद्दे चार द्यायचे, बाकी गड्याने माइक हातात घेऊन बघायचा. सीना त्यात मुरलेलो. त्याला रोज मोकळा सोडला असता तर त्याने राक्षस उभो केलो असतो. पण तो यायचो पंधरा दिवसांनी एकदा, कारण त्याच्या तारखाच मोजक्या. पंधरा दिवसांनी एकदा येणारो राक्षस कसलो, तो पाहुणो.

पेठी_शंका
आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी गळतीची तक्रार नेली की अगदी सीनाच होतात. समोर असतात, दिसत नाहीत.

नागपूरचा_भाऊ
तुम्ही सगळे सीनाला धरून बसलात बावा. दोष रॉकचा हाय.

२०२४ आठवा. १ जानेवारीला रॉ या दर आठवड्याच्या शोमध्ये येऊन तो चॅम्पियन रोमन रेन्सवर नजर टाकून गेला. २ फेब्रुवारीला कोडीनं रेसलमेनियात रोमनशी लढायची आपली जागा त्याला देऊन टाकली. ज्या पोरानं आदल्या वर्षी रोमनकडून हरून वर्षभर वाट पाहिली, रॉयल रंबल जिंकून ती जागा कमावली, तो म्हणे बाजूला होतो. लोकं असे पेटले का बास. 'आम्हाला कोडी पाहिजे' हेच सगळीकडे. आठवडाभरात कंपनीला पान फाडा लागलं. ८ फेब्रुवारीला वेगासच्या पत्रकार परिषदेत कोडी परत मैदानात, रॉकनं त्याच्या थोबाडीत दिली, आन् तिथून पुढची कहाणी एक नंबर झाली. रॉक व्हिलन, कोडी हिरो. ७ एप्रिलला फिलाडेल्फियात कोडीनं रोमनची १३१६ दिवसांची राजवट संपवली. पोट्टे रडले बे.

म्हणजे सगळ्यात भारी रेसलमेनिया कशातून झाली? चुकीतून. लिहिलेलं लोकांनी फाडलं म्हणून. २०२५ ला लोकांनी फाडलं नाही, कारण टोरांटो सगळ्यांना आवडलं होतं. आवडलं तिथंच घात झाला, मंग कोणी दुरुस्तच केलं नाही.

तिसरी_दोरी
@नागपूरचा_भाऊ, हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. रेसलमेनिया ३० चंही तेच. २०१४ ला बटिस्टा-ऑर्टन ठरलेलं, रंबलला लोकांनी बटिस्टाला हूट केलं. रंबलमध्ये एकेक करून येणाऱ्यांत शेवटच्या, तिसाव्या नंबरवर डॅनियल ब्रायनच्या जागी रे मिस्टेरिओ आला, तर बिचाऱ्या रे लासुद्धा शिव्या. शेवटी ब्रायनला आत घ्यावं लागलं, आणि न्यू ऑर्लीन्सला त्याने एकाच रात्री आधी ट्रिपल एचला आणि मग त्या दोघांना हरवलं.

बंड्या_२००७
आणि त्याच रात्री अंडरटेकरची रेसलमेनियात कधीच न हरण्याची स्ट्रीक घालवली. २१-१. माझ्या लेखी रेसलिंग तिथेच संपलं.

पेठी_शंका
तरी अकरा वर्षांनी धाग्यावर धागे लिहिताय.

बंड्या_२००७
सवय आहे. :)

अण्णा_दादर
अंडरटेकरचं नाव निघालं म्हणून थोडं अवांतर. आमच्या चाळीत ट्रम्प कार्डांचा डाव चालायचा. रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स. अंडरटेकरचं कार्ड ज्याच्याकडे त्याला पाणी विचारायची पण हिंमत नसायची. अक्षयकुमारच्या सिनेमात अंडरटेकर आला तेव्हा आम्ही थिएटरात शिट्ट्या मारल्या. तो ब्रायन ली होता, खरा नव्हता, हे कळायला पुढे इंटरनेट यावं लागलं. आजही ते कळलं नसतं तर बरं झालं असतं.

आणि खोटं-खरं म्हणाल तर माझे आजोबा दारासिंग-किंग काँगच्या कुस्त्या बघायला वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर जायचे. आजी म्हणायची, अहो ते ठरलेलं असतं. आजोबा म्हणायचे, लग्नसुद्धा ठरलेलंच असतं, म्हणून काय जेवायला जायचं नाही? दारासिंगचं नाव २०१८ साली डब्ल्यूडब्ल्यूईने हॉल ऑफ फेमच्या लेगसी यादीत घेतलं. आजोबा तोवर राहिले नव्हते.

कांदेपोहे
लग्नाचं वाक्य वहीत लिहून घेतलं. अजून इथेच आहे, टोरांटोवाला व्हिडिओ शोधतोय.

सह्याद्री_स्लॅम
भारताचा विषय निघालाच आहे तर जिंदर महालचं काय म्हणता? माझ्या मते वाईट बुकिंगचा पाठ्यपुस्तकी नमुना तो आहे, सीना नाही. एप्रिल २०१७ पर्यंत जो सगळ्यांकडून हरत होता, त्याने २१ मेला शिकागोजवळ रँडी ऑर्टनला हरवून चॅम्पियन व्हावं? भारतात ग्राहक वाढवायचे होते, हे शेंबडं पोरही सांगेल. तरी चाललं असतं, पण त्याला लढवला कसा? दर वेळी सिंग ब्रदर्स मधे पडणार, मग हा जिंकणार. त्या बांबूच्या पिंजऱ्यात ग्रेट खली येऊन ऑर्टनला धरून ठेवतो आणि जिंदर पळून जिंकतो. आपल्या माणसाला हिरो करायचं तर एक तरी कुस्ती सरळ जिंकू द्या ना! आणि ९ डिसेंबरला दिल्लीत कार्यक्रम ठेवला, तिथे घरच्या पोरांसमोर त्याला ट्रिपल एचकडून हरवला. अमेरिकेत पट्टा दिला, दिल्लीत कंबर मोडली.

बंड्या_२००७
माझा आयडी खलीच्या २००७ च्या बेल्टवरून आहे, त्यामुळे या विषयावर मी तटस्थ राहू शकत नाही. तेव्हा मी सातवीत होतो. बॅटल रॉयल जिंकून खली वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत आम्ही एकमेकांच्या डोक्यावर दोन्ही हातांनी चॉप मारत होतो. एकाचा चष्मा फुटला. मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर उभे असतानाही हसत होतो. बुकिंग-बिकिंग कळत नव्हतं तेच बरं होतं.

स्नेहल_जर्सी
धाग्याच्या विषयाकडे येते. ३ ऑगस्टला मी मेटलाइफ स्टेडियममध्ये होते, नऊ वर्षांच्या लेकाला घेऊन. तो दोन वर्षांचा असल्यापासून सीनाभक्त. घरात हिरवा टी-शर्ट, मनगटाचे पट्टे, टोपी, सगळा संसार.

मार्चमध्ये टोरांटो झालं तेव्हा हा दोन दिवस गप्प होता. मग टी-शर्ट कपाटाच्या खालच्या कप्प्यात गेला. मी धुवायला काढला तर म्हणाला, राहू दे, तो शिक्षा भोगतोय. एप्रिलमध्ये सीना जिंकला तेव्हा याने टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवायची इच्छा आहे आणि वाजवायच्या नाहीत, असा चेहरा पहिल्यांदा बघितला मी त्याचा. मला विचाराल तर बुकिंग तिथे जमलेलं होतं! मोठ्यांचं माहीत नाही, पण नऊ वर्षांच्या मुलाचा संपूर्ण नैतिक पेच चालू होता.

आणि मग १ ऑगस्टला, आमच्या शोच्या दोन दिवस आधी, सीना एकदम चांगला झाला. कारण काय? काही नाही. लेकाने विचारलं, "आई, तो सॉरी कधी म्हणाला?" मला उत्तर देता येईना. कुस्ती सुंदर झाली, पट्टा गेल्यावर त्याने कोडीला मिठी मारली, आजूबाजूचे बाप्ये डोळे पुसत होते, मग ब्रॉक लेस्नर येऊन त्याला आपटून गेला. परतताना सिकॉकसला ट्रेनची ही गर्दी, लेक खांद्यावर पेंगुळलेला. झोपेत म्हणाला, "टी-शर्ट काढू का वर?" म्हटलं, तू ठरव. अजून खालच्याच कप्प्यात आहे.

ऋता_वाचते
स्नेहलताई, "सॉरी कधी म्हणाला" इथेच धागा संपायला हवा खरंतर.

त्याच रेसलमेनियाची आदली रात्र बघा. पंक, रोमन, सेथ यांची तिहेरी लढत. तिथे सगळं एका उपकारावर उभं होतं: पंकने आदल्या नोव्हेंबरात वॉरगेम्स या टोळ्यांच्या लढतीत रोमनच्या बाजूने लढावं म्हणून रोमनचा मॅनेजर पॉल हेमनने त्याला शब्द दिला होता. एक छोटा, तोंडी शब्द. पाच महिने तो सगळ्यांच्या डोक्यावर टांगलेला. शेवटी हेमनने पंकलाही दगा दिला, रोमनलाही, आणि सेथला जिंकवलं. प्रत्येकाला कशासाठी राग यावा हे स्पष्ट. दुसऱ्या रात्री एवढा मोठा सीना, पण त्याला काय हवंय हे कळत नव्हतं. सतरावा पट्टा? तो न उलटताही मिळाला असता. रॉककडून काय मिळणार होतं? कधी सांगितलंच नाही.

नागपूरचा_भाऊ
अन् शेवटच्या मॅचचं? १३ डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये सीनानं टॅप केलं, म्हणजे हात आपटून हार मानली. 'नेव्हर गिव्ह अप' छापलेला माणूस! लोकांनी बुकिंग सांभाळणाऱ्या ट्रिपल एचला असं हूट केलं का विचारू नका. मी बी इथून केलं.

तिसरी_दोरी
मला ते आवडलं, मार खाईन पण सांगतो. जाताना पाठीवर पडून जायचं, नव्याला मोठं करून जायचं, हा त्या धंद्याचा जुना रिवाज आहे. टॅप करण्याआधी तो हसला ते पाहिलंत का? वर्षभरात त्याच्या चेहऱ्यावर मला पटलेले दोनच क्षण, टोरांटोतलं हसू जाणं आणि हे हसू येणं. मधलं सगळं भरताड.

खासबागकर
आलो. म्हशीनं काल लाथ मारली, हात सुजलाय, एका बोटानं लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

ऋताताईंनी विचारलं, सीनाला काय हवं होतं. मी पेन धरलं असतं तर रॉकला बोलावलंच नसतं. रेसलमेनियाला सीना सत्तेचाळीसचा, तीन दिवसांनी अठ्ठेचाळीस. तेच कारण पुरं होतं.

आमच्या गावच्या मैदानात एक पैलवान यायचा. नाव सांगत नाही, घरचे लोक आहेत. तरणा असताना त्याचा ढाक डाव असा बसायचा की समोरचा हवेतच सलाम करायचा. पुढं वय झालं, पोट सुटलं, पण कमिटी जोड लावायची, नावावर गर्दी यायची. एका वर्षी त्याच्यापुढं विशीतलं पोर दिलं, त्याच्याच तालमीत उठबशा काढलेलं. हलगी वाजली, सलामी झाली. दहा मिनिटं झाली, ह्याचा दम संपला. पोर वस्तादाचा मान राखून धरत होतं, ओढत नव्हतं. ह्याला ते कळलं. आणि ह्यानं खाली वाकून मूठभर माती घेतली, अंगाला लावतोय असं दाखवलं, आणि पोराच्या डोळ्यात घातली. चितपट केलं.

मैदानात एक माणूस ओरडला नाही. हलगीवाला पण थांबला. पोर डोळे चोळत उभं राहिलं, तसंच चाचपत आलं आणि ह्याच्या पायाला हात लावला. ह्यानं इनामाचा फेटा बांधून घेतला, पण मान खाली. पुढच्या वर्षी आला, त्याच पोराशी जोड मागून घेतली, आणि सरळ पडला.

एवढंच करायचं होतं. सीनाला कळतंय की आता सरळ कुस्तीत आपण कोडीला धरत नाही. पट्टा तर हवाय. म्हणून माती. पोटातली भीती दाखवायची होती, रॅपर नव्हे.

तिसरी_दोरी
खासबागकर, हात जोडले. यात समरस्लॅमसुद्धा आपोआप बसतं. एप्रिलची माती, ऑगस्टमध्ये सरळ पडणं. आणि स्नेहलताईंच्या लेकाचं सॉरी पण त्यातच आलं.

मालवणी_मसालो
आता ह्या बघा, ह्या झाला नाटक. त्या पोराने पायाक हात लावल्यान तिथे माझो आवंढोच अडकलो.

बंड्या_२००७
मत बदललं असं लिहायला जड जातंय, पण ठीक आहे. असा टर्न असेल तर चालेल. स्ट्रीकवरचं मत मात्र बदलणार नाही.

पेठी_शंका
खासबागकर, म्हैस हील की फेस?

खासबागकर
सकाळी फेस, धारेला बसलं की हील.

कांदेपोहे
व्हिडिओ सापडला. आईसोबत बघितला, ती भाजी निवडत होती. मिठी मारली तिथेच म्हणाली, "हा आता काहीतरी करणार, खांदे बघ त्याचे." लाथ बसल्यावर गवारीची शेंग हातातच राहिली. मग बराच वेळ काही बोलली नाही. शेवटी एवढंच विचारलं, "तो टकला मागे उभा राहून हसत होता, त्याला ह्यातून काय मिळालं?"

काय सांगू तिला?

ऋता_वाचते
काकूंना सांगा, आम्हीही तेव्हापासून तेच विचारतोय.